सदतीस जास्वंदींची नावं

संभाजीनं हे लिहायचं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. मोबाइलवर चार ओळी टाइप करायच्या, वाचायच्या, पुसायच्या. पुन्हा चार. कारण सरळ होतं. या सगळ्यात चूक त्याची होती, आणि चूकही अशी की नर्सरीवाल्यानं ती कुणाला सांगू नये. लोक म्हणतील, एवढंही कळत नाही तर झाडं कशाला विकतोस? पण शेवट चांगला झाला. शेवट चांगला झाला की आपली चूक सांगायला माणसाला जरा जोर येतो. म्हणून हे.

वारज्यात हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून त्याच्या घरच्यांची सहा गुंठे जागा उरली होती. बाकीची काही रस्त्यात गेली, काही बिल्डिंगांखाली गेली. त्या सहा गुंठ्यांत त्यानं नर्सरी टाकली. शिकला कुठं? कुठंच नाही. बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलं आणि मग व्हिडिओ बघून, झाडं मारून मारून शिकला. पहिल्या वर्षी त्यानं इतके गुलाब मारले की बायडाकाकी म्हणाली, "संभा, आता बोर्ड लाव, हितं गुलाब पुरून मिळतील म्हनून."

बायडाकाकी म्हणजे त्याची चुलती, बायडाबाई. साठीची, शाळेची पायरी न चढलेली. पण हाताला गुण असा की तिनं वाळकी काडी खोचली तरी आठ दिवसांत तिला डोळे फुटायचे. नर्सरीतलं निम्मं काम तीच ओढायची.

दोन वर्षांपूर्वी श्यामसुंदरनं त्याला एक काम आणून दिलं. श्यामसुंदर अकरावी-बारावीला त्याच्या बाकावर बसायचा. आता आयटीत, आईबरोबर वाघोलीला राहतो. त्याची मावशी पद्मजाबाई नव्या पेठेत राहायच्या. शाळेत जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या, त्यामुळे सगळं जग त्यांना बाईच म्हणायचं. त्यांची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. दोन वर्षं भाड्याच्या घरात काढायची होती आणि तिथं गच्ची नव्हती. बाईंच्या गच्चीवर सदतीस जास्वंदी होत्या.

साध्या नाहीत. बाईंनी स्वतः तयार केलेल्या. सकाळी नवाच्या आत, रंगकामाच्या बारीक ब्रशनं एका फुलाचा पराग उचलून दुसऱ्याला लावायचा, बी धरलं की पेरायचं, फूल यायला दोन वर्षं वाट बघायची. आवडलं तर ठेवायचं. असं वीस वर्षं. प्रत्येक जातीचं जगात एकच झाड. आणि प्रत्येकीला नाव दिलेलं, बाईंच्या ओळखीतल्या बायकांचं. उल्का, मंदाकिनी, आनंदी, शालू.

टेम्पोतून कुंड्या उतरवताना बाई शेजारी छत्री घेऊन उभ्या होत्या.

"पाणी मुळाशी घालायचं. पानांवर शॉवर नको. आणि नावाच्या पट्टीला हात लावायचा नाही. एवढं जमेल?"

"जमेल की बाई," संभाजी म्हणाला.

नाही जमलं.

बाईंच्या पट्ट्या म्हणजे खिडकीच्या जुन्या प्लॅस्टिकच्या ब्लाइंड्स कात्रीनं कापून केलेले पांढरे तुकडे. त्यावर साध्या शिसपेन्सिलीनं लिहिलेलं. पुढं नाव, मागं बारीक अक्षरात काहीतरी. संभाजीनं ते बघितलं. पेन्सिल!

त्याच्या घरात पेन्सिलीचं नाव काढायची सोय नव्हती. त्याच्या आजोबांची जमिनीची एक नोंद कुणा तलाठ्यानं सातबाऱ्यावर पेन्सिलीनं करून ठेवली होती, आणि ती शाईनं पक्की करून घ्यायला वडिलांची, आप्पासाहेबांची, अकरा वर्षं गेली. अकरा वर्षं ते तलाठी कचेरीतल्या बाकावर बसून आले. घरी येऊन एकच वाक्य म्हणायचे, "पेन्सिलीचं काय खरं नाय पोरा." लहानपणी संभाजीच्या दप्तरात पेन्सिल दिसली तरी त्यांचं तोंड कडू व्हायचं.

तेव्हा बाईंची ही मौल्यवान झाडं आणि त्यांची नावं कच्ची? संभाजीला वाटलं, आपण बाईंवर उपकारच करू. त्यानं पिवळ्याधमक प्लॅस्टिकच्या नव्या पट्ट्या आणल्या, जाड काळा मार्कर आणला. मार्करवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, परमनंट. अजून काय पाहिजे? त्यानं सदतीस नावं वळणदार अक्षरात उतरवली. पुढची नुसती नावं. मागचं बारीक त्यानं वाचलंसुद्धा नाही.

टेम्पोत हादरून बऱ्याच कुंड्या तडकल्या होत्या, म्हणून त्याच दिवशी सगळी झाडं मोठ्या कुंड्यांत बदलायला घेतली. संभाजी माती कालवत होता, काकी झाडं बदलत होती. झाड लागलं की तो रांगेच्या क्रमानं त्यात त्याची पिवळी पट्टी खोचायचा. संध्याकाळी सगळी रांग बघून त्याची छाती फुगली. शाळेच्या पटांगणात पोरं उभी असावीत तशी रांग.

मग दोन वर्षं गेली. दोन उन्हाळे, दोन पावसाळे. झाडं मस्त वाढली, फुलली. संभाजीनं फुलांचे फोटोही भरपूर काढले. नुसत्या फुलांचे, जवळून. या मार्चमध्ये झाडांवर पिठ्या ढेकूण पडला, पांढरा कापसासारखा, तेव्हा काकीनं सगळ्या जास्वंदी गुडघ्याएवढ्या छाटून काढल्या. कीड गेली. हिरवे डोळे फुटायला लागले.

आणि एप्रिलमधल्या एका बुधवारी बाईंचा फोन आला.

"संभाजी, घर मिळालं. रविवारी वास्तुशांत आहे. सकाळी टेम्पो पाठवते, तूही ये. आणि हे बघ, 'श्यामला' नावाचं झाड आहे ना, ते टेम्पोत सगळ्यांत पुढे ठेव. ते गच्चीवर न्यायचं नाही. ते द्यायचंय."

"कुणाला बाई?"

"जिचं नाव आहे तिला," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संभाजी फडकं घेऊन जास्वंदींकडे गेला. पट्ट्यांवर धूळ बसली होती. म्हटलं, पुसून चकचकीत करून देऊ. पहिली पट्टी पुसली. खाली पिवळं प्लॅस्टिक. नाव नाही. त्याला वाटलं, पुसताना आपणच खोडलं की काय. दुसरी त्यानं न पुसता नुसती फुंकली. पिवळी. तिसरी, चौथी, दहावी. एका पट्टीवर कुठंतरी ल आहे असा भास झाला, तोही पट्टी उन्हात तिरकी धरल्यावर गेला. परमनंट मार्कर दोन उन्हाळ्यांत उडून गेला होता. जणू कधी कुणी काही लिहिलंच नव्हतं.

सदतीस छाटलेले बुंधे त्याच्यासमोर उभे होते. फुलं यायला अजून दोन महिने. पानांवरून ओळखावं एवढी त्याची अक्कल नव्हती. मोबाइलमध्ये सदतीस सुंदर फुलं होती, पण एकीखालीही तिचं नाव नव्हतं.

शुक्रवारी ऑफिसमधून सुटून श्यामसुंदर आला. संभाजीनं त्याला सगळं दाखवलं. तो खाली बसला आणि आधी हसला.

"भावा, तू त्यांच्या पट्ट्या बदलल्यास? मावशीच्या? अरे, तिच्या फ्रिजमधला डबा इकडचा तिकडे केला तरी ती तीन दिवस बोलत नाही."

"हसू नकोस. काय करू सांग."

"सिंपल आहे. मावशीकडून यादी मागव, नावं लिही आणि लाव. कुठलंही कुठंही. फुलं येईपर्यंत दोन महिने आहेत. आली की म्हणायचं, टेम्पोवाल्यानं घोळ घातला."

संभाजीनं खरंच यादी मागवली. बाईंनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्यानं नव्या पट्ट्या घेतल्या आणि लिहायला बसला. उल्का. शालू. मंदाकिनी. समोर येईल त्या झाडात खोचत गेला. पाचवं नाव आलं आणि हात थांबला.

"श्याम्या, ही श्यामला कोण?"

"श्यामला माझी आई. का?"

"बाईंनी तिच्या नावाची जास्वंद केलीय. रविवारी तिला द्यायचीय म्हणाल्या."

श्यामसुंदरचं हसू गेलं. तो म्हणाला, "सहा वर्षं झाली, दोघी बोलत नाहीत. नीरजाच्या लग्नापासून."

नीरजा म्हणजे त्याची धाकटी बहीण. लग्नाच्या पत्रिकेत सगळ्या मावश्या, आत्या, माम्या छापल्या होत्या. पद्मजामावशीचं नाव राहिलं. बाई लग्नाला आल्या नाहीत. 'जिथे माझं नाव नाही तिथे माझं काम नाही', एवढी एक चिठ्ठी आली. श्यामलाबाईंना वाटलं, ताईनं एवढ्याशा गोष्टीवरून भर मांडवात अपमान केला. मग कुणीच कुणाला फोन केला नाही. पुण्यातल्या पुण्यात दोन बहिणी, सहा वर्षं.

"प्रूफ मी वाचलं होतं," श्यामसुंदर म्हणाला. "मॅच चालू होती. ओके म्हणून पाठवून दिलं. आईला वाटतं, प्रेसवाल्यानं गाळलं. मी अजून बोललो नाही."

संभाजीनं उठून ती चार पट्ट्या खोचलेली झाडं शोधली आणि पट्ट्या उपटून काढल्या. मावशीनं बहिणीला तिच्या नावाचं झाड द्यायचं आणि पावसाळ्यात त्याला कुणा उल्काचं फूल यायचं? सहा वर्षांनी हात पुढं केला आणि त्यातही नाव चुकलं, असं व्हायचं?

"सकाळी बाईंना फोन करतो," तो म्हणाला. "खरं काय ते सांगतो."

"मी पण थांबतो सकाळी," श्यामसुंदर म्हणाला. "फोनवर तुला एकट्याला खाऊन टाकेल ती."

शनिवारी सकाळी आठ वाजता संभाजीनं फोन लावला. स्पीकरवर. श्यामसुंदर समोर उभा होता, काकी शेजारी माती चाळत होती. संभाजीनं एका दमात सगळं सांगितलं. पेन्सिल, मार्कर, ऊन, कोऱ्या पट्ट्या. आप्पासाहेबांचं तलाठी प्रकरणसुद्धा सांगितलं, ते सांगायची काही गरज नव्हती.

मग बाई म्हणाल्या, "परमनंट. असं त्या पेनावर लिहिलं होतं?"

"हो बाई."

"आणि तू विश्वास ठेवलास. टूथपेस्टवर लिहिलेल्या सगळ्यावर ठेवतोस का?"

"नाही बाई."

"पेन्सिल म्हणजे कार्बन. उन्हानं शाई मरते, कार्बन मरत नाही. माझी पहिली पट्टी एकोणीस वर्षांची आहे. होती." त्या 'होती'नंतर बाईंचा आवाज जरा खाली आला. "माझ्या जुन्या पट्ट्यांचं काय केलंस?"

"टाकल्या असतील बाई. काकी, त्या जुन्या पांढऱ्या पट्ट्या कुठं टाकल्या आपण?"

काकीनं चाळणी खाली ठेवली. "टाकल्या? कशाला टाकू? भोकावर ठिवल्या की."

"कुठल्या भोकावर?"

"कुंडीच्या! खापऱ्या सरल्या होत्या त्या दिशी. कुंडीच्या बुडाला भोक, त्याच्यावर काय तरी आडवं घालाया नको? न्हाय तर माती वाहून जाती. त्याची पट्टी त्याच्या बुडाला घातली, वर माती, वर झाड."

संभाजी काकीकडे वळला. "त्याची त्याला? का मिळंल ती?"

काकीला रागच आला. "मिळंल ती कशी? एक झाड काढायचं, त्याची पट्टी घ्यायची, ती घालायची, तेच झाड लावायचं. मग दुसरं. त्याच्यावर नाव हाय ना रं त्याचं? एकाचं नाव दुसऱ्याखाली कसं पुरीन मी? मला वाचाया येत न्हाय म्हनून काय झालं!"

फोनमधून बाईंचा आवाज आला. "कोण बोलतंय ते? त्यांच्याकडे फोन दे."

"काकी आहे माझी."

"मग इतका वेळ तू कशाला बोलत होतास?"

संभाजीनं पहिली कुंडी आडवी केली. कडेनं थापट्या मारल्या. काकीनं बुंध्याला धरून मुळांचा गोळा अलगद सरकवला. बुडाशी पांढऱ्या मुळांच्या जाळ्यात एक मातकट तुकडा चिकटला होता. श्यामसुंदरनं तो नळाखाली धरला, अंगठ्यानं चोळला. माती गेली, हिरवं शेवाळ गेलं. खाली करडी अक्षरं, कालच लिहिल्यासारखी.

"आनंदी," त्यानं वाचलं. मागं फिरवलं. "'पांढरी, काठ गुलाबी. फार मऊ. वाऱ्यात ठेवू नये.'"

"बरोबर," फोनमधून बाई म्हणाल्या. "आनंदी आमची हेडमिस्ट्रेस. तशीच होती."

हसायचं की रडायचं ते संभाजीला कळेना, म्हणून त्यानं दुसरी कुंडी आडवी केली.

"सगळी उपटून टाकू नकोस रे!" बाई ओरडल्या. "एप्रिल आहे. एकेक काढ, पट्टी घे, लगेच बसव, पाणी दे. आणि सावलीत."

दुपारपर्यंत ते तेच करत होते. काकी गोळा सरकवायची, श्यामसुंदर धुऊन वाचायचा, संभाजी यादीवर खूण करायचा. मागच्या बाजूला बाईंनी एकेकीचं वर्मच लिहून ठेवलं होतं. उल्का, 'लाल. बोलकी. फुलं थांबतच नाहीत.' मंदाकिनी, 'दिसायला साधी, पण कीड लागत नाही.' एका कुंडीत पट्टी सापडली नाही, तुकडे होऊन गेली की मातीबरोबर वाहून गेली कोण जाणे. पण बाकीच्या छत्तिसांवर खुणा झाल्यावर यादीत एकटी शालूच उरली, तेव्हा तो प्रश्नही मिटला.

श्यामला बाविसावी निघाली. श्यामसुंदरनं पुढचं नाव वाचलं आणि मागची बाजू वाचताना जरा वेळ लावला.

"काय लिहिलंय?" काकीनं विचारलं.

"'केशरी, मध्ये गर्द जांभळी. उशिरा फुलते. घाई करू नये.'" मग तो म्हणाला, "खाली तारीख आहे. नीरजाच्या लग्नानंतर चार महिन्यांनी."

काकीनं हात झाडले. "भांडान चालू असताना नाव दिलं व्हय? मग कसलं भांडान ते!"

संध्याकाळी त्यांनी नव्या पट्ट्या केल्या. या खेपेला संभाजीनं डोकं चालवलं, पण बाईंना विचारून. पांढऱ्या प्लॅस्टिकचे तुकडे पॉलिश पेपरनं घासून खरखरीत केले, म्हणजे पेन्सिल धरते. त्यावर पेन्सिलीनं, पुढचं आणि मागचंसुद्धा, जसंच्या तसं. हे मातीत अर्धे पुरायचे. शिवाय प्रत्येकीला वर एक टॅग. श्यामसुंदरनं कोल्ड्रिंकचे रिकामे कॅन गोळा करून आणले, ते कात्रीनं कापले, काठ दुमडले. वर्तमानपत्राच्या जाड घडीवर पत्रा ठेवायचा आणि संपलेल्या रिफिलनं दाबून लिहायचं. शाई नाहीच. अक्षर पत्र्यातच उमटतं. ऊन काय उडवणार? तांब्याच्या तारेनं ते फांदीला अडकवले, सैल, म्हणजे फांदी जाड झाली तरी तार रुतायची नाही. बाईंच्या जुन्या पट्ट्या तशाच, ज्याच्या त्याच्या बुडाला परत ठेवल्या. ते काकीनं कुणाला करू दिलं नाही.

रविवारी सकाळी टेम्पोबरोबर बाई स्वतः आल्या. रांगेतून सावकाश चालल्या. एकेक टॅग उलटून बघितला. शेवटच्या कुंडीशी थांबून म्हणाल्या, "अक्षर बरं आहे. पेन्सिलीचं." मग काकीकडे वळल्या. "तुम्ही माझ्या वर्गात असतात तर पहिला नंबर दिला असता."

"वाचाया येत न्हाय बाई मला."

"ज्याला येतं त्यानं काय केलं ते बघितलं ना आपण."

संभाजी खाली बघून हसला. चार दिवसांनंतर पहिल्यांदा त्याला नीट भूक लागली.

नव्या घरी हॉलमध्ये होम चालू होता, धुरानं सगळ्यांचे डोळे पाणावलेले. श्यामसुंदरनं आईला गाडीतून आणलं होतं. श्यामलाबाई दाराशी एका खुर्चीवर बसल्या होत्या, पाहुण्यासारख्या, पर्स मांडीवर घेऊन. बाईंनी संभाजीकडून कुंडी घेतली आणि त्यांच्या पायाशी ठेवली.

"हे तुझं."

श्यामलाबाईंनी टॅग वाचला. उलटला. "उशिरा फुलते? म्हणजे मी?"

"झाडाबद्दल लिहिलंय."

"नाव माझं आहे वर."

"मग समज तू काय समजायचं ते."

श्यामसुंदर पुढं झाला. त्याचे कान लाल झाले होते. "मावशी, आई, पत्रिकेचं प्रूफ मी वाचलं होतं. प्रेसवाल्याची चूक नव्हती. माझी होती."

श्यामलाबाई त्याच्याकडे वळल्या. बाई म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं. लहानपणी तुझं शुद्धलेखन कोण तपासायचं?"

"मग ताई, सहा वर्षं बोलली का नाहीस?" श्यामलाबाई म्हणाल्या.

"तू विचारलंस का?"

एवढं बोलून झाल्यावर दोघींना एकदमच हसू आलं. मग श्यामलाबाईंनी पर्स खुर्चीवर ठेवली, पदर खोचला आणि पानं वाढायला आत गेल्या.

जेवण झाल्यावर श्यामसुंदर आणि संभाजी खाली गाडीपाशी आले. मागच्या सीटवर श्यामला ठेवली होती, सीटबेल्ट लावून.

"एकच आहे रे जगात हे झाड," श्यामसुंदर म्हणाला. "आणि आमच्या आईच्या हाताखाली तुळससुद्धा जगत नाही."

"आता छाटलंय, आत्ता फांदी घेता येणार नाही. श्रावणात वाढलं की मी येतो. दोन फांद्या काढून नेतो, काकीच्या हातानं लावतो. एक नर्सरीत राहील, एक मावशींकडे, एक तुमच्याकडे."

"वारज्यातून वाघोलीला? त्या ट्रॅफिकमध्ये? साताऱ्याला लवकर पोचशील तू."

"येतो म्हटलं ना श्याम्या. श्रावणातल्या पहिल्या रविवारी. आणि तिची पट्टी मी पेन्सिलीनंच लिहीन. एक वर, एक बुडाला."